लोणी पुढे

रूपक म्हणजे काय ते स्टेनव्हरबाईंनी शिकवलं,
ज्या शाळेच्या खिडकीतून फक्त डोंगर दिसतो त्या शाळेत.
नोव्हेंबर संपता संपता ऊन गावात उतरेनासं होतं.
वर्ग पेंगायला लागला की बाई फळ्यावर डस्टर आपटायच्या,
"चला, लोणी पुढे!"
म्हणजे थांबू नका. आमच्या आइसलँडमध्ये असंच म्हणतात.
त्यात लोणी कुठून आलं, कुणी विचारत नाही.

आता मी इसाफ्योर्दुरच्या इस्पितळात वाचा-उपचार करते
आणि बाई माझ्यासमोर बसतात.
मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी.
डावा हात मांडीवर, कुणी विसरून गेल्यासारखा.
नाही. नर्सनं ठेवलाय.

पहिलं कार्ड.
"डोकं भिजत घालणं म्हणजे?"
"न्युमोनिया."
"तो डोंगरावरून आलाय, म्हणजे?"
"बूट ओले असतील."
(म्हणजे त्याला कशाचा पत्ताच नाही.
हेच चुकलं म्हणून माझा अर्धा मार्क कापला होता त्यांनी.)
"जड अंतःकरण?"
"तीनशे ग्रॅम. बायकांचं थोडं कमी."

मी हसले. त्या नाही.
अहवालात लिहिलं: वाच्यार्थ शाबूत, लक्ष्यार्थ शून्य.

पंचवीस जानेवारी. गावभर कॉफी आणि पॅनकेक.
"आज पाहुणा येणार, बाई."
"कोण?"
"सूर्य. दोन महिन्यांनी."
"तो कुठं जात नाही. आपण फिरतो."

आणि मग, मी काहीच विचारलं नसताना:
"समुद्राला हात नसतात."

चेतनगुणोक्तीला त्या दरवर्षी एकच उदाहरण द्यायच्या.
समुद्रानं ओद्दुरला नेलं.
आम्ही वहीत उतरवून घ्यायचो, 'नेलं'खाली रेघ मारायचो.
ओद्दुर त्यांचा नवरा, हे मला दहावीनंतर कळलं.

"इंजिन बंद पडलं. दोर कुजका होता.
बदल म्हणाले होते मी. तो म्हणाला, पुढच्या पगाराला.
पाणी तीन अंश.
अकरा मिनिटं लागली असतील, डॉक्टर म्हणाले."

सदतीस वर्षांनी ती बोट त्या खोलीत बुडाली.
हे मी मोठ्यानं म्हटलं नाही.
कुठल्या खोलीत, असं विचारलं असतं त्यांनी.

मला पगार मिळतो तो
त्यांना पुन्हा 'नेलं' म्हणायला शिकवण्याचा.
कार्ड हातात तसंच राहिलं.

समोरच्या घराच्या पत्र्यावर ऊन आलं, तिथून आत.
बाईंनी उजवा हात टेबलावर आपटला.
"लोणी पुढे."

लोण्याची वाटी माझ्या कोपराशी होती.
त्यांच्या बशीत राईचा पाव, कोरडा.
मी वाटी सरकवली
आणि पुढचं कार्डही.

त्यांनी आधी काय उचललं, ते बघायला हवं होतं मी.
ऊन डोळ्यांवर आलं होतं.