एल

पायसांदूला, नदीकडच्या शेडमध्ये,
बासष्टची व्हॅलियंट जॅकवर.
वाल्देमार म्हणतो, नट आधी बोटांनी लाव.
आटा बसला की तिरका चढला
पान्याला कळत नाही,
बोटांना कळतं.

मग एक सोडून एक.
शेजारच्याला लगेच हात लावू नकोस,
चाक मनात ठेवतं.
गाडी खाली टेकली की शेवटचा जोर,
तोही मोजून. पान्याची टिक ऐकलीस की थांब,
त्यापुढे लावतात तो जोर नव्हे, मस्ती.

डाव्या बाजूला आलो की तो गप्प होतो.
एकोणिसाव्या वर्षी, इथेच,
पान्याला पाइप जोडून, वर उभं राहून
त्याने तीन स्टड तोडले होते.
बापाने येर्बाचा कडू घोट घेत
तिसरा तुटेपर्यंत पाहिलं,
मग म्हणाला, गंज खरवड. वाच.

टोकावर एल.
म्हणजे इंग्रजीतला डावा.
या बाजूचे आटे उलटे.

दोन्या नेलिदा किल्ली घेऊन निघाल्या साल्तोला.
पन्नास किलोमीटर झाले की परत या! तो ओरडला.
आल्या. वैतागलेल्या, इंजिन चालूच.

चार नट जागचे हलले नाहीत.
पाचव्याने
पाव फेरा घेतला.