रुपया काढलेलं पाकीट

लोहारचाळीत, वायरच्या दुकानात
एकोणीस वर्षं वह्या लिहिल्या मी.
पाच पैशांचा फरक राहिला
तर शटर ओढू दिलं नाही कुणाला.
त्या मला शालनचा हिशेब लागेना.

समितीच्या खोलीत कॅमेरा चालू होता,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
‘भावाकडून पैसे घेतलेत? दागिना? खोली नावावर?’
‘नाही.’
‘काही कबूल केलंय त्यानं?’
‘ह्यानं? चौथीत पतंग कबूल केला होता.
तोही दिला नाही.’
एक डॉक्टरीणबाई हसल्या. चौघांनी सह्या केल्या.

तिचं ते ‘नाही’
मी दाखल्यासारखं जपून ठेवलं,
आणि इतका भ्यालो
की परळहून परतताना टॅक्सीचे पैसे तिनं काढले
तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं.
पुढच्या वेळीही.
त्याच्या पुढच्या वेळीही.

शालन कन्नमवार नगरात पोळ्या लाटते,
पोळीमागे दीड रुपया, दिवसाला दोनशे.
डॉक्टर म्हणाले, बारा आठवडे वजन उचलू नका.
केंद्रातला कणकेचा गोळा आठ किलोचा असतो
हे त्यांना कुणी सांगितलं नाही,
मीही नाही.
रविवार सोडून बहात्तर दिवस.
चौदा हजार चारशे पोळ्या
कुणा दुसरीनं लाटल्या,
आणि मी इकडे
भरल्या पोटी लघवी मोजत बसलो
मापाच्या भांड्यात, आनंदानं.

शेवटी दवाखान्यातल्या वर्टीबाईंना विचारलं,
आवाज खाली ठेवून, जसं काही औषध चोरलंय.
त्या फाईल बांधत म्हणाल्या,
‘किडनीला किंमत नाही, म्हणून टॅक्सीलाही नाही?
तिचा बुडालेला रोज भरून दिलात
तर ती विक्री होत नाही हो.
कायद्यात तसंच आहे.
तुम्हीच नको तिथे सोवळे झालात.’

बिल्डिंगखालच्या दुकानात सगळी पाकिटं
रुपया चिकटवलेलीच.
गणपती छापलेलं एक घेतलं
आणि जिन्यात उभं राहून
नखानं तो रुपया खरवडून काढला.
रुपया असला की आहेर होतो.
हे आहेर नव्हे.
हे नक्की काय आहे, ते तिसऱ्या मजल्यापर्यंत सुचलं नाही.

तिनं पैसे बाजूला ठेवले, आधी कागद वाचला.
छत्तीसच्या रेघेवर बोट थांबलं.
‘नारळपाणी काट.
ते मला आवडतं म्हणून प्यायले.’
दोनशे चाळीस कमी.
मग कानामागची पेन्सिल काढून
खाली स्वतः लिहिलं:
पाणी भरायला ठेवलेली पोरगी,
आठवड्याला शंभर, बारा आठवडे.

मला हे माहीतच नव्हतं.
चौथ्या मजल्यावरून, नाही, तिसऱ्या,
इतकी साधी गोष्ट, हंडा कोण उचलत होतं
हे मी एकदाही विचारलं नव्हतं.
नऊशे साठ रुपये कमी पडत होते.
खिशातले सुटे काढून ओट्यावर मांडले,
तिनं मोजले. दोनदा मोजले.
मला बरं वाटलं
की ती मोजतेय.

पाकीट उलटंसुलटं करताना
डिंकाच्या गोल डागावर तिचा अंगठा अडला.
‘इथला रुपया?’
‘काढला.’
‘बरं केलंस,’ म्हणाली,
‘तो भाऊबीजेला आण. त्यात कंजुषी नको.’
आणि कुशीवर हात दाबून उठली,
तवा ठेवला, मला विचारलं,
‘मीठ अजून बंदच ना तुझं?’

रुपया माझ्या खिशात आहे.
डिंकानं अजून चिकट,
त्याला औषधाच्या चिठ्ठीचा कपटा लागलाय.