पाणी कुठं मुरतं

मकांबाकोच्या चढावर गाडी आली तेव्हा
वारा पाठीमागून होता,
म्हणून पांढरा धूर तिच्या आधी गॅरेजात शिरला.

चिशिम्बाने केबिनमधून उडी मारली.
न्डोलापासून तांब्याच्या पाट्या लादलेल्या,
तीन दिवसांत चाळीस लिटर पाणी प्यायली म्हणाला,
आणि खाली बघ, टिपूस नाही.

वस्ताद अंबाकिस्ये काही बोलले नाहीत.
डिपस्टिक ओढली, तेल बोटावर घेतलं,
अंगठ्याने चोळत राहिले.
चहात दूध जरा जास्त पडावं, तसा रंग.

हेड गॅस्केट, मी म्हणाले.
घरात काही फुटलं की नव्या सुनेचं नाव घेतात,
तसं आहे तुझं, तुंपे.
पाणी कुठंतरी मुरतंय. कुठं, ते बघू.

मग आम्ही तिला उघडत गेलो.
सहा सिलिंडर, तेरा लिटरचं इंजिन,
कुठल्याशा थंड देशात आठ लाख किलोमीटर पळून
जहाजातून इकडे आलेलं,
इथे आणखी साडेपाच.
धुराची उलटी वाट गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून बंद केलेली.
चौथा इंजेक्टर रॉकेल मिसळलेल्या डिझेलने झिजलेला, गळका.
टर्बोचा दांडा बोटाने हलवला तर हलतो.
डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्यावर
चिकटपट्टी,
दोन पदरी.

भरवशाचं इंजिन, वस्ताद म्हणाले,
आणि मला वाटलं ते चेष्टा करतायत.
पण ते हात पुसत होते, चेहरा सरळ.
सगळ्यांनी मिळून मारायला घेतलं
तरी घाट चढून आलं की हे.

तेलाचं पात्र काढलं. रेडिएटरला हातपंपाने दाब दिला.
मी पाठीवर पडून, बॅटरी धरून, वर बघत.
अकरा वाजले. थंडीने माझा खांदा गेला.
पाचव्या सिलिंडरखाली एक थेंब जमला,
लोंबला,
माझ्या कपाळावर पडला.

लायनर उपसून काढला तर पाठीला देवीचे वण.
आतून बॅटरी लावली
आणि बाहेर, एका खड्ड्याच्या तळाशी, एक चांदणी.
सुईच्या टोकाएवढी.

दर स्फोटाला हा शहारतो, वस्ताद सांगत होते,
केसाच्या जाडीइतकाही नाही.
तेवढ्याने पाण्यात बुडबुडे धरतात, त्याच्या अंगावर फुटतात.
बुडबुडाच तो. पण मिनिटाला सातशे वेळा,
वर्षानुवर्षं.
बीड पोखरतो.
पाण्यात घालायचं औषध असतं त्याला,
हिरवं, कॅनमध्ये मिळतं.

मालकाने त्याचे पैसेच दिले नाहीत, चिशिम्बा म्हणाला.

मी नट मोजत होते. बत्तीस.
पुन्हा मोजले.

दिले होते, तो म्हणाला. दोनदा.
किटोंगाच्या घाटाखाली ओढा आहे ना,
तिथलं पाणी किती नितळ दिसतं.

कुणी त्याला विचारलं नाही पैशांचं काय झालं.
दार-एस-सलामहून मालकाचा फोन वाजायला लागला.
वस्तादांनी तो माझ्या तेलकट हातात दिला.
काय सांगू?
सांग, लायनर जुना होता.
होताच की.

नवा बसने आला, तिसऱ्या दिवशी,
कोंबड्यांच्या टोपलीशेजारी, कागदात गुंडाळलेला.
बोल्ट मधून बाहेर, क्रमाने, आधी ताकद मग कोन.
पहिल्या सेल्फला ती खोकली,
दुसऱ्याला निळा धूर,
मग नुसता आवाज, मांडीपर्यंत जाणवणारा.

हिरव्या पाण्याचे दोन कॅन बिलात नव्हते.
चिशिम्बाने ते सीटमागे ठेवले,
एक पुन्हा काढून हलवून बघितला,
पुन्हा ठेवला.
चिकटपट्टी तशीच राहिली.

गाडी उतारावर गेली.
वस्ताद फाटकाशी उभे, डोळे जमिनीकडे.
तिसरा गिअर पडल्याचं ऐकलं त्यांनी,
मग चौथा.
मग म्हणाले, त्या चौथ्या इंजेक्टरचं मात्र
त्याला पुन्हा सांगायला हवं होतं.