तात्पुरत्या स्वरूपात

सेलेसिहच्या टेकडीवर साडेपाच वर्षं
मी जनावरांच्या कुशीला कान लावून बसले.
गाईच्या पोटाचे कप्पे चार, माणसाचा एकच,
तरी रवंथ जास्त माणूसच करतो,
असं सर पहिल्याच तासाला म्हणाले
आणि वर्गात एकटी रेमरुआती हसली.

केसांत फॉर्मॅलिनचा वास घेऊन
रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर बसायचो आम्ही.
पुढच्या बाया हळूच सरकायच्या.

पुढे काय, ते तेव्हाच कळत होतं.
अख्ख्या मिझोराममध्ये जागा निघणार
एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या,
त्याही निघाल्या तर.
बिआकसाङा बँकेची परीक्षा देऊन मोकळा झाला.
कुणी गुवाहाटीत औषध कंपनीची बॅग उचलली.
रेमरुआती बंगळूरला कुत्र्यांचे दात घासते,
पगार चांगला आहे;
फोटोतला पूडल तिच्यापेक्षा नीट विंचरलेला.

पा चम्फाईची सुमो चालवतात.
दर वळणाला हॉर्न,
दर जेवणाला एकच प्रश्न:
जाहिरात निघाली का गं?

मग डुकरांची साथ आली
आणि जाहिरात निघाली.
पशुवैद्यक पाहिजेत. तात्पुरत्या स्वरूपात. रोजंदारीवर.
स्वतःचे गमबूट असल्यास प्राधान्य.

गावातल्या भोंग्यावरून सांगितलं,
ज्यांची डुकरं तापली असतील त्यांनी लपवू नयेत.
सगळ्यांनी लपवली.
आम्ही पांढरे झगे घालून उतार उतरायचो,
पोरं दारं लावून घ्यायची,
आणि मी फाटकाशी उभी राहून
मोठ्याने माझं नाव सांगायचे,
जणू नाव ऐकून कुणाला बरं वाटणार होतं.

पी थङकिमीचं घर कड्याला टेकलेलं,
खाली बांबूच्या खोपटात एक गाभण डुकरीण.
नाव ठेवलं की जीव लागतो, म्हणून नाव नव्हतं;
धाकट्याच्या नर्सिंगची फी तिच्यावर भरायची,
म्हणून तिला 'फी' म्हणायचे.
फीला ताप नव्हता.
शेजारच्या खोपटात होता, आणि तेवढं पुरतं.
म्हातारीनं रताळ्याचे वेल उकडून आणले,
थोडा कोंडा, चिमूटभर मीठ,
खाणं संपेस्तोवर आम्हाला थांबवलं.
मग म्हणाली,
तू शिकलेली आहेस. हळू कर.

तोंडी परीक्षेत इतकं अवघड
मला कुणीच विचारलं नव्हतं.

जेसीबीनं खड्डा बुजवला. वर चुना.
मी यादीत वजन लिहिलं, भरपाईसाठी.
पोटातल्यांसाठी रकाना नव्हता,
म्हणून समासात लिहिलं: अंदाजे दहा.
वरच्या साहेबांनी ते खोडलं असेल.

पहिल्या पगाराचा दशांश चर्चला दिला.
पाकिटावर फक्त नाव लिहायचं असतं,
काम काय केलं ते नाही.
पा म्हणाले, सुरुवात तर झाली.
मी ताटातलं मांस बाजूला सारलं,
आणि कुणी काही बोललं नाही,
आमच्या घरात हे मोठंच.

साथ ओसरली, करारही संपला.
गमबूट दाराशी उलटे करून ठेवलेत,
एकात कोळ्यानं कायमची नेमणूक घेतली आहे.

परवा फोन आला.
पी थङकिमी बोलतेय. एक पिल्लू घेतलंय.
खात नाही नीट. येशील का?
पैसे आत्ता नाहीत, मोहरीचा पाला देईन.

पांनी वरच्या वळणावर सोडलं.
मी जुनी पिशवी घेऊन उतरले,
तोच उतार, नवं खोपटं,
आत हातभर लांबीचं, काळं, रागीट काहीतरी.
थर्मामीटर लावला तसं
त्यानं माझ्या बाहीवर सगळं उरकून घेतलं.
या वेळी नाव ठेवलंय, म्हातारी म्हणाली.
काय?
तिनं पदराआड हसावं तसं पुआनचं टोक तोंडाशी नेलं.
डॉक्टर.

वरून हॉर्न वाजला, एकदा, मग लांब.
पा विचारत होते, किती वेळ?
मी पारा उजेडात धरला,
दोनदा वाचला,
आणि टेकडीला ऐकू जाईल अशी ओरडले:
डॉक्टरला ताप नाही!