जागा शिल्लक नाही

क्लाक्सविक बंदरात, मासळीच्या लिलावघरावर
आमचं साप्ताहिक. माणसं अडीच.
हानुस म्हणतो, ॲप काढू,
भर समुद्रात रेंज गेली तरी अंक खिशात राहील.
मी म्हणते, दुकानवाल्याच्या दारातून जायचं,
वर त्याचा हिस्सा, आणि
एक वेलांटी सुधारायला त्याचीच परवानगी?
नुसती लिंक देऊ. बोट लावलं की उघडेल.
धक्क्यापुरती, हानुस म्हणतो.

मोर्टानला विचारलं. चाळीस वर्षं कॉड धरतोय.
त्यानं फोनच पुढे केला:
जागा शिल्लक नाही.
मेंढ्यांचे फोटो, आणि सात मिनिटं
बायको बटाटे सोलतेय, काही बोलत नाही.
यातलं काय पुसू?

लिंक पाठवली.
खाडीच्या तोंडाशी पोचेतो
दुसरं पान झालं असेल.
निधनवार्ता चौथ्यावर असतात.