डाव्या पायाची झीज

कीथलीत, आमच्याच उतरत्या गल्लीत,
सटक्लिफबाईंच्या कोळशाच्या तळघरात
ते लेथ उभं होतं, घोंगडी पांघरून.
"साठ पौंड ठेवा आणि घेऊन जा," हिल्डाबाई म्हणाल्या,
"पण माझा जिना खरवडू नका."

इदरीसनं भावाच्या गॅरेजातून चेनपुली आणली.
बेड, हेडस्टॉक, टेलस्टॉक, चक,
अवयव सुटे करून चार खेपांत वर काढले.
जिना खरवडलाच.
रंगाचे पैसे वेगळे दिले.

मी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे, खांदे,
नव्यानं बसवलेले खुबे.
यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही, हे घरी आधीच सांगितलं,
आणि रात्री साडेनऊला गॅरेजात
एक हँडल मागेपुढे करत बसले.
पाव फेरा रिकामाच जातो,
मग कुठं स्लाइड हलते.
हे मात्र मी ओळखते.
सांधा सैल झालाय, मोडलेला नाही.

नट रॉकेलमध्ये भिजत घातले, वालासारखे, रात्रभर.
पितळी पट्टी जुन्या टूथब्रशनं घासली तर
बनवणाऱ्याचं नाव आलंच नाही,
"अँड सन्स" तेवढं आलं.
बाप पुसला गेला, मुलगे राहिले.
गिअरमधलं तेल काकवीसारखं,
आणि गंजाखाली लोखंड
मांजराच्या पोटासारखं करडं.

सरळपट्टीला निळी शाई लावून बेडवर फिरवली.
सगळीकडे निळं उमटलं,
फक्त चकाजवळ वीतभर जागा कोरी.
तिथं दोन हजारांश इंचाचा खड्डा.
म्हणजे विल्फ्रेड सटक्लिफ
जन्मभर आखूडच वस्तू कातत आला असणार.
ज्या फळीवर तो उभा राहायचा
तीही आम्ही उचलून आणली होती:
डावीकडे पावलाएवढी वाटी पडलेली,
उजवीकडे अजून करवतीचे दात.

मला हुशारी सुचली. फोन केला:
"त्यांचा उजवा खुबा दुखायचा का हो?"
पलीकडे केटली शिट्टी देत राहिली,
कुणी उतरवली नाही.
"कधी बोलला नाही," त्या म्हणाल्या.
मग, "नाचायला मात्र नाही म्हणायचा."

ब्रॅडफर्डचा जाणकार म्हणाला, बेड घासून सपाट करून घ्या.
मी नको म्हटलं.
पैसे नव्हते, हे एक.

मार्चमध्ये नवा पट्टा चढवला.
पहिलं काम त्याचंच त्याला,
एका हँडलची मूठ हरवली होती, ती.
लोखंडी सळई चकात धरली.
सूतभर काढायचं होतं, केसाकेसानं काढलं.
शब्दाचा कीस पाडणाऱ्या घरात मी वाढले,
तिथं कुणाला पोळल्याचं आठवत नाही.
हा कीस निळसर, कुरळा,
मनगटावर पडला आणि डाग उठवून गेला.

मूठ एका टोकाला किंचित जाड झाली.
खड्डा बोलला.
राहू दिली तशीच, हाताला बरी लागते.

फरशीवर कीस झाडताना लक्षात आलं:
पट्ट्याचा दांडा डावीकडे, मागच्या बाजूला,
दिवा एकच, तोही चकावर,
वाकल्याशिवाय टोक दिसतच नाही.
तासभर मी सगळा भार डाव्या पायावर टाकून उभी होते,
उजवा नुसता टेकलेला,
चप्पलसुद्धा निघालेली.
आणि माझे दोन्ही खुबे ठणठणीत.

त्याचेही असतील.
मग नाचायला का नाही म्हणायचा,
ते या यंत्रात कुठं सापडत नाही,
सगळं उघडून पाहिलंय मी.

हिल्डाबाईंना अजून कळवलेलं नाही.
रविवारी करते म्हणते फोन.
हा तिसरा रविवार.