गस्तीची वही

वही मुलीच्या भूगोलाची, अर्धी कोरी उरलेली.
पुढून नद्यांचे नकाशे,
मागून आमची गस्त.

पोळ्यानंतर तेरा विहिरींवरची केबल गेली.
तांबं नेलं, जळकी काळी साल
धुऱ्यावर टाकून गेले, साप कात टाकतो तशी.
आबाराव ढोबळे चावडीत म्हणाले,
"बाई, तुमच्या शिक्क्याचा उपेग काय मंग?"
मी पोलीस पाटील. शिक्का माझ्या पर्समध्ये असतो,
बसच्या जुन्या तिकिटांत.

ठाणं अठ्ठावीस किलोमीटर. जीप एक. गावं त्रेचाळीस.
बीट जमादार मानकू उईके
गाडी कडुनिंबाखाली लावून म्हणाले,
"मी एकटा कुठं कुठं जागू, बाप्पा?
तुमी जागा. मी येत जाईन मंधात मंधात."
काठ्या गावाच्या, शिट्ट्या ठाण्याच्या असं ठरलं.
शिट्ट्या नऊ आल्या. दोन वाजतच नव्हत्या.

मी नावं लिहायला बसले.
रज्जाक मिस्त्री. देवानंद सहारे. नत्थू बोबडे.
आठ झाली, आणि दाराबाहेरून, उन्हातून,
"माहं बी लिवा."

बेड्यावरचा फौजदार पवार.
हे हुद्द्याचं नाही, आईनं ठेवलेलं नाव.
तो पोटात असताना त्याच्या बापाला उचलून नेलं होतं,
तेव्हा ती म्हणाली होती,
फौजदारावर कोन हात उचलन?
उचलला. सोळाव्या वर्षी, सात कोंबड्यांपायी.
कोंबड्या मग मालकाच्या मेहुण्याकडे सापडल्या.
काठी धरणारा शिपाई नवा होता तेव्हा.
उईके त्याचं आडनाव.

पंख्याचा आवाज होता फक्त.
"मंग चोरालेच चाबी देऊन टाका," आबाराव म्हणाले.
दोघं हसले.
उईके भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहत होते.
बराच वेळ पाहत होते.
मग म्हणाले, "लिहा."
माफी वगैरे काही नाही. लिहा, एवढंच.
नवव्या ओळीत शाई जाड आहे,
पेन तिथे टेकून राहिलं होतं.

त्याच्या जोडीला कुणी तयार होईना.
पहिल्या रात्री उईकेच गेले.
आबारावांना वाटलेलं, पारध्याला अंधारात दिसतं.
तो म्हणाला, "मले चष्मा लागला, साहेब. टार्च द्या."

एकोणिसाव्या रात्री, तीनच्या सुमारास,
नाल्याच्या पुलावर बिनदिव्याचा छोटा हत्ती.
फौजदारनं शिट्टी तोंडात धरली.
ती त्या दोनांतली होती.
मग तो ओरडला.
गाव उठलं, काठ्या घेऊन धावलं,
आणि अंधारात पारधी ओरडतोय म्हटल्यावर
गावाच्या हातांना जे पाठ होतं तेच त्यांनी केलं.
आबारावांची काठी वर गेली.
खाली आली ती उईकेंच्या खांद्यावर.

गाडी निसटली. केबलची दोन भेंडोळी पुलावर राहिली,
आणि नंबराचे शेवटचे तीन आकडे,
जे फौजदारनं चष्मा पुसून पाहिले होते.

उईकेंचा हात महिनाभर वर जात नव्हता.
त्यांनी तक्रार लिहू दिली नाही.
आबारावांनी हळदीचा लेप पाठवला,
स्वतः आले नाहीत.
फौजदार सकाळी माझ्या दारात:
"बाई, शिट्टी बदलून द्या. वाजत नाई."

परवा ठाण्यात नव्या साहेबांनी वही चाळली.
"हा फौजदार कोण? आपल्याकडून कोणाला पाठवलं होतं?"
उईके म्हणाले, "गावाचाच हाय, सर."
बेड्यावरचा म्हणाले नाहीत. मी ऐकलं.

मागून लिहीत लिहीत आता वही
नकाशांपर्यंत आली आहे.
कालच्या सह्या वर्धा नदीवर पडल्या.
नवी वही कुणी आणायची,
ठाण्यानं की ग्रामपंचायतीनं,
ते अजून ठरत नाही.